रिकाम्या तासाच्या बाई

शाळेच्या छापील वेळापत्रकात बाईंचं नाव कुठेच नव्हतं. भाषेच्या रकान्यात भाषेच्या मॅडम होत्या, शास्त्राच्या रकान्यात शास्त्राचे सर होते, अगदी शिपाईकाकांनासुद्धा तळाशी बारीक अक्षरांत 'घंटा' म्हणून जागा होती. बाईंचं नाव लागायचं ते रोज सकाळी, खडूने. शिक्षकांच्या खोलीबाहेर एक छोटा फळा होता. त्यावर गैरहजर शिक्षकांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक बाण. बाणाच्या टोकाला नुसतं 'बाई'.

मुळात त्या लागल्या होत्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून. पुस्तकांना पुठ्ठे चढवायचे, नोंदी करायच्या, मुलांनी फाडलेली पानं चिकटवायची. तीन वर्षांनी ग्रंथालयाच्या खोलीत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे सर आले. पुस्तकांची कपाटं जिन्याखाली गेली. राहता राहिल्या बाई. त्यांना कुठे ठेवायचं ते कोणालाच सुचेना. तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "सध्या तुम्ही ऑफ तास बघा." या मुख्याध्यापिकांना सगळी शाळा थोरल्या बाई म्हणायची. त्यांच्या त्या 'सध्या'ला आता एकोणीस वर्षं होत आली होती.

पहिली काही वर्षं बाईंचे फार हाल झाले. शिक्षक आले नाहीत म्हणून आनंदाने वेड्या झालेल्या चाळीस मुलांपुढे जाऊन उभं राहायचं, म्हणजे उकळत्या दुधावर नुसती फुंकर घालायची. "हाताची घडी, तोंडावर बोट," असं त्या ओरडायच्या आणि पोरं दोन मिनिटं बोट ठेवायची, ते बोट नाकात जाईपर्यंत. मग एका दिवशी सहावीच्या वर्गात गोंधळ अगदी टिपेला गेला असताना बाईंनी ओरडणं सोडून दिलं. फळ्याकडे वळून त्यांनी ठिपके काढायला सुरुवात केली. दहाची एक ओळ, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. सहाव्या ओळीपर्यंत वर्ग गप्प झाला होता. कोणीतरी विचारलं, "बाई, हे काय?"

"या बाकांनी एक रेघ ओढायची, त्या बाकांनी एक," बाई म्हणाल्या. "चौकट ज्याच्या रेघेने पुरी होईल त्याची."

तेव्हापासून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फुली-गोळा तर सगळ्यांनाच येतो. पण बाईंकडे पाच बाय पाचचा फुली-गोळा होता, त्यात चार ओळीत लागायच्या. राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या त्यांच्या पर्समध्ये तयार असायच्या, कापून, घड्या घालून. शब्द ओळखायच्या खेळात मुलं चुकीच्या अक्षरागणिक एक माणूस फासावर चढवायची. बाईंना ते बघवेना, म्हणून त्यांनी छत्री आणली. चुकलं की छत्रीची एक काडी मोडायची, सातवी मोडली की भिजलात. या खेळात 'क्ष' हे एक अक्षर की दोन, यावरून आठवीच्या वर्गात एकदा जवळजवळ मारामारी झाली होती आणि शेजारच्या वर्गातून भाषेच्या मॅडमना निवाड्याला बोलवावं लागलं होतं. मॅडम निवाडा देऊन गेल्या. जाताना बाईंकडे बघून हसल्या ते असं, की मोठ्या माणसाने लहान मुलाच्या भातुकलीकडे बघून हसावं.

शिक्षकांच्या खोलीत बाईंना खुर्ची होती, कप्पा नव्हता. त्या दाराजवळच्या खुर्चीत डबा खायच्या. कोणी वाईट वागायचं नाही. पण बोलणं व्हायचं ते पेपरांचं, निकालांचं, अमक्या वर्गाचा पोर्शन कुठवर आला याचं. बाईंना पोर्शनच नव्हता.

घरी दोन खोल्या, तिसरा मजला. धाकटा भाऊ दूर परदेशात, त्याचा फोन रविवारी यायचा. "कशी आहेस ताई?" पासून "चल, ठेवतो" पर्यंत चार मिनिटं. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. जायच्या आधी ती सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. अर्धांगवायूने तिची वाचा गेली होती, पण उजव्या हाताला रेघ ओढण्याएवढी ताकद उरली होती. शाळेतून आलं की बाई उशाशी पाट ठेवायच्या, त्यावर ठिपक्यांचा कागद. बाईंचं पेन निळं, आईचं लाल. आई लबाडी करायची. बाई पाणी आणायला उठल्या की दोन रेघा जास्तीच्या ओढून मोकळी व्हायची आणि छताकडे बघत पडायची.

आई गेल्यावर महिन्याभराने बाईंनी एका संध्याकाळी कागद घेतला, ठिपके काढले आणि दोन्ही पेनं पुढे ठेवली. आधी लाल पेन हातात घेताना आई कशी खेळली असती ते त्या आठवायच्या. हळूहळू ते आठवणंही सुटलं आणि लाल पेन नुसतं लाल पेन झालं. पण खेळ सुटला नाही. भांडी घासून झाली की एक डाव, कधी दोन. बाहेर यातलं कोणाला कधी सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

यंदा सहामाहीनंतर गणिताचे सर नोकरी सोडून गेले. नवीन माणूस मिळेना. बाकीच्या वर्गांचं गणित इतरांनी कसंबसं वाटून घेतलं, पण सातवी 'ब'चा चौथा तास कोणाच्याच वेळापत्रकात बसेना. शेवटी कारकुनाने नवं वेळापत्रक छापून लावलं. सातवी 'ब', चौथा तास, सोमवार ते शनिवार: 'बाई'. बाईंनी ते जाताना एकदा वाचलं. पाणी प्यायच्या निमित्ताने परत येऊन वाचलं. शाळा सुटल्यावर, व्हरांड्यात कोणी नाही असं बघून, तिसऱ्यांदा वाचलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा असा वर्ग मिळाला होता. सातवी 'ब'साठी त्यांनी ठिपक्यांच्या खेळाच्या मोठ्या सामन्यांचा घाट घातला. जोड्या पाडल्या, फळ्याच्या कोपऱ्यात तक्ता आखला, 'पुसू नये' असं लिहून त्याभोवती चौकट काढली. सगळं जमलं, एक सोडून. वर्गात मुलं होती एक्केचाळीस. वीस जोड्या लागल्या आणि एक मुलगी उरली.

ती वर्षाच्या मध्येच या शाळेत आली होती. शेवटच्या बाकावर एकटी बसायची. डाव्या हाताने लिहायची म्हणून वर्गाने तिला 'डावरी' करून टाकलं होतं, आणि तिची त्याला काही हरकतही दिसत नव्हती.

"तुला कोणाबरोबर घालू?" बाईंनी विचारलं.

"मला आहे जोडी," ती म्हणाली.

"कोण?"

तिने डावा हात वर केला. वर्ग खो-खो हसला. बाईही हसल्या. मग त्या बाकांमधून चालत मागे गेल्या आणि तिची वही पाहून त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. पानभर ठिपके होते. डाव्या हातात निळं पेन, उजव्या हातात लाल.

"कोण जिंकतंय?" बाईंनी हळूच विचारलं.

"डावा. पण मी उजव्याला सांगितलं नाहीये."

"का गं?"

"हरतोय असं कळलं की तो नीट खेळत नाही."

बाईंनी वाकून डाव नीट पाहिला. मग म्हणाल्या, "मी खेळू तुझ्याशी?"

मुलीने वर बघितलं, वहीकडे बघितलं, विचार केला. "आत्ता मध्येच नको. हा डाव संपू दे."

तो डाव संपायच्या आत घंटा झाली. पण दुसऱ्या दिवशी डावरीने बाकावर जागा करून दिली आणि बाई शेवटच्या बाकावर, गुडघे वाकडे करून, तिच्या शेजारी बसल्या. पोरगी कोणाला बापजन्मी सोडणारी नव्हती. बाईंना वाटलं होतं, एखाद-दुसरा डाव आपण मुद्दाम हरू. मुद्दाम हरायची वेळच आली नाही. ती आधी सगळीकडे विखुरलेल्या रेघा ओढत बसायची, वेंधळी वाटावी अशी, आणि मग शेवटी एका दमात अकरा चौकटी गिळायची. खेळताना बोलायची नाही. जिंकली की पान उलटायची.

ते दोन-अडीच आठवडे बाई शाळेत लवकर यायला लागल्या. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर ठिपके काढायच्या तेही आता सरावासाठी. डावरी इथे काय करेल, असा विचार करत लाल पेन उचलायच्या. डाव्या हाताने रेघ ओढून बघायच्या.

एका बुधवारी मधल्या सुट्टीत शिपाईकाका निरोप घेऊन आले. "थोरल्या बाईंनी बोलावलंय. पालकांची तक्रार आहे म्हणे."

एकोणीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध कोणी तक्रार केली नव्हती. तक्रार करायला माणूस आधी लक्षात तर यायला हवं.

थोरल्या बाईंच्या खोलीत एक बाई बसली होती, खुर्चीच्या अगदी कडेला. बॅगांच्या कारखान्यातून परस्पर आलेली. निळ्या ॲप्रनला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, बोटांना पट्ट्या. दिवसभर बॅगांना चेनी बसवायचं काम. मांडीवर डावरीची वही. ही तिची आई, हे सांगावं लागलं नाही. हनुवटी तीच होती.

"यांचं म्हणणं असं आहे," थोरल्या बाईंनी सुरुवात केली, "की गणिताच्या तासाला मुलं खेळ खेळतात..."

"नाही नाही," ती माऊली घाईने म्हणाली. "मी तसं नाही म्हटलं. बाहेर त्या साहेबांनी तक्रार म्हणून लिहून घेतलं. मला फक्त विचारायचं होतं." तिने वही उघडली. पानामागून पान ठिपके, निळ्या-लाल रेघा. "घरी आली की ही हे घेऊन बसते. मी सातला येते तर ही तिथेच. एकटीच. या हाताने एक रेघ, त्या हाताने एक. बोलते पण, दोन्ही हातांशी. मी म्हटलं, अगं, खाली जाऊन पोरींत खेळ, तर म्हणते मला गडी आहे." तिचा आवाज बारीक झाला. "बाई, तिला वेड तर नाही ना लागलं?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "अजिबात नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

बाईंना हजार गोष्टी सांगता आल्या असत्या. हा बुद्धीचा खेळ आहे, मुलीचं डोकं तल्लख आहे, वर्गात ती कशी सगळ्यांना पुरून उरते. त्या बोलल्या ते भलतंच.

"मीही खेळते. घरी. एकटीच, दोन पेनं घेऊन."

थोरल्या बाईंनी टेबलावरच्या टाचण्यांची डबी उगीचच सरळ केली. डावरीची आई बाईंकडे बघत राहिली. तिच्या नजरेत चेष्टा नव्हती. कारखान्यात एखाद्या नवीन बाईच्या बोटात सुई गेली की जुन्या बायका बघतात तसं तिने बघितलं.

"घरी कोणी नाही का हो तुमच्या?"

"नाही."

"किती वर्षं झाली?"

"नऊ."

तिने वही मिटली. मग थोरल्या बाईंकडे न बघता, बाईंनाच म्हणाली, "राग मानू नका. पण माझ्या पोरीचं असं व्हायला नको. हिच्या शेजारी कोणालातरी बसवा ना. तुम्ही बसता म्हणे, ते ठीक आहे, पण तुम्ही मोठं माणूस. तिच्याएवढं कोणीतरी."

"बसवते," बाई म्हणाल्या.

त्या रात्रीचं जेवण बाईंना गेलं नाही. त्या माऊलीचा राग येत नव्हता, हीच पंचाईत होती. राग आला असता तर बरं झालं असतं. ती बोलली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला डावरीने बाकावर जागा केली. बाई तिथवर गेल्या, पण बसल्या नाहीत.

"आज नवीन प्रकार," त्यांनी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं. "तिघांचा डाव. तीन रंग. हा फार अवघड असतो, कारण दोघं मिळून तिसऱ्याला फसवू शकतात." मग त्या डावरीकडे वळल्या. "तू पुढे जा, त्या दोघींच्यात."

त्या दोघींपैकी एकीला वर्ग 'रेडिओ' म्हणायचा. ती झोपेतसुद्धा बोलत असावी. डावरीने तिकडे बघितलं आणि मान हलवली. "तुम्ही नाही खेळणार?"

"मला वह्या तपासायच्या आहेत."

बाईंना तपासायला एकही वही नसते हे तिला माहीत होतं, सगळ्या वर्गाला माहीत होतं. तिने दप्तर उचललं, दोन्ही पेनं घेतली आणि पुढे जाऊन बसली. तो तासभर तिने मागे वळून पाहिलं नाही. बाई टेबलाशी हजेरीपट उघडून बसल्या आणि एक्केचाळीस नावं पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या.

पहिला आठवडा वाईट गेला. रेडिओ बोलबोल बोलायची, डावरी कानावर हात ठेवून खेळायची. एकदा तर दप्तर उचलून शेवटच्या बाकाकडे निघालीच. बाईंच्या मनात आलं, येऊ दे. तिने हाक मारली असती तर त्या उठल्याही असत्या. पण तेवढ्यात रेडिओ म्हणाली, "अगं ए, तू जिंकत होतीस ना! मधेच पळून जातेस होय?" आणि डावरी फिरली. तिला बहुधा तोवर कोणी थांब म्हटलं नव्हतं. त्यानंतर कधीतरी तिच्या हातात हिरवं पेन दिसायला लागलं. ते तिचं नव्हतं. मग एका दुपारी बाईंना डावरीचं हसू ऐकू आलं. जाडसर, अचानक फुटणारं हसू होतं. असं हसता येतं तिला, हे बाईंना ठाऊकच नव्हतं.

बरं वाटलं. आणि तरी त्यांनी हजेरीपट पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला घेतला.

वार्षिक परीक्षेला दोन महिने उरले असताना गणिताच्या नव्या मॅडम आल्या. तरण्याताठ्या, हुशार. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यातला सामन्यांचा तक्ता पुसला. उपांत्य फेरी व्हायची होती, पण मुलांनीही काही म्हटलं नाही. चौकोनांची क्षेत्रफळं राहिली होती. कारकुनाने पुन्हा नवं वेळापत्रक लावलं आणि बाई पुन्हा खडूच्या बाणापुढे आल्या. सातवी 'ब'वरून जाताना त्या आत बघायच्या नाहीत. एकदा जिन्यात डावरी समोरून आली. "बाई!" म्हणाली, छान हसली, आणि रेडिओच्या मागे दोन-दोन पायऱ्या गाळत पळाली.

निकालाच्या दिवशी तिची आई फाटकापाशी भेटली. आज ॲप्रन नव्हता, केस नीट विंचरलेले होते. "आता दोघी-दोघी येतात घरी. डोकं उठवतात नुसतं!" ती म्हणाली, आणि ते बोलताना तिचा चेहरा फुलला होता. मग तिने पट्ट्या बांधलेल्या बोटांनी बाईंचा हात धरला. "तुम्ही कशा आहात?"

हा प्रश्न इतका मनापासून विचारला गेला होता, की बाई गडबडल्या. "मजेत," त्या म्हणाल्या.

सुट्टी लागली. सुट्टी बाईंना कधीच आवडायची नाही. सकाळी उठून कुठे जायचं नसे, आणि खडूच्या बाणापुढे का होईना, नाव लागायचं तेही बंद. त्या मोठ्या दुपारी बाईंच्या कानात तो एकच प्रश्न घुमायचा. किती वर्षं झाली? नऊ. आता दहा होतील.

समोरच्या घरात एक सिस्टर राहायची. हॉस्पिटलात नोकरी, पाळ्या बदलत्या, बाईंपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. तिला येऊन दीड वर्ष झालं होतं. ओळख म्हणजे जिन्यात हसण्यापुरती. एके दिवशी चारच्या सुमाराला तिच्या दाराच्या कुलपाचा आवाज ऐकून बाई उठल्या. त्यांनी कोरा कागद घेतला, पट्टी लावून दहा बाय दहा ठिपके काढले, दोन पेनं घेतली. स्वयंपाकघरात उभं राहून वाक्य म्हणून बघितलं. "वेळ असेल तर एक डाव खेळू या का?" दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते पहिल्यापेक्षा वेडगळ वाटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्यांनी चपला घातल्या आणि समोरची बेल वाजवली.

सिस्टरने दार उघडलं तेव्हा तिचे केस ओले होते आणि मोबाईल खांद्यात दाबलेला होता. "एक मिनिट हं," ती फोनमध्ये म्हणाली. मग तिची नजर बाईंच्या हातातल्या कागदावर आणि पेनांवर गेली. "पाण्याच्या टाकीचा अर्ज ना? खालचे काका म्हणत होते. कुठे करू सही?"

वाक्य बाईंच्या जिभेवर होतं. त्यांनी कागदाकडे बघितलं.

"कुठेही करा," त्या म्हणाल्या.

सिस्टरने कागद दाराला टेकवून, बोलता बोलताच, खालच्या कोपऱ्यात झोकदार सही ठोकली. सात-आठ ठिपके तिच्याखाली गेले. "आणखी कोणाच्या राहिल्यात?"

"नाही. तुमचीच शेवटची."

दार लागलं. बाई घरी आल्या, कागद टेबलावर ठेवला, चहा टाकला. आधी हसू आलं. एकदा आलं ते थांबेना. हसत हसतच त्या खुर्चीत बसल्या आणि चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत.

चार दिवसांनी भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना वरून सिस्टर उतरत आली, कामावर निघालेली.

"झालं का हो ते टाकीचं?"

"बघू. दिलाय अर्ज," बाई म्हणाल्या.

"चला, निघते. उशीर झाला." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "तुम्ही दिवसभर घरीच असता ना सुट्टीत? काही लागलं तर बेल वाजवत जा."

"हो," बाई म्हणाल्या. "वाजवीन."

तिची पावलं खालच्या फाटकापर्यंत ऐकू आली. मग बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उरलेला मजला चढल्या.